मेसेजचीही नोंद लागते! – जोडधंदा करणाऱ्या सभासदांच्या माहितीसाठी



आपल्या कार्यक्षेत्रात नुसता ऊस पिकवून थांबणारे घर आता विरळाच. कोणाची ऊस रोपवाटिका आहे, कोणाचे कृषी सेवा केंद्र, कोणाचे दूध संकलन, तर कोणाच्या मुलाने तालुक्याच्या गावी दुकान टाकले आहे. गिऱ्हाईक वाढले की प्रत्येकाला फोन करणे जमत नाही. मग ‘को ८६०३२ ची रोपे तयार आहेत, येऊन घेऊन जावे’ असा मजकूर आपल्याच मोबाईलवरून हजार जणांना धाडून द्यावा, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे करता येत नाही. केले तर काय होते आणि रीतसर कसे करावे, हे या लेखात सांगत आहोत. शेती खात्याकडे याविषयी वारंवार विचारणा होते म्हणून थोडे सविस्तर लिहिले आहे.

भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण ‘ट्राय’ म्हणतो त्याने, १९ जुलै २०१८ रोजी व्यापारी संदेशांसंबंधी नवे विनियम काढले. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. धंद्याचा मेसेज पाठवणारा कोण, तो कोणत्या नावाने पाठवणार आणि त्यात काय लिहिणार, या तिन्ही गोष्टींची नोंद आधी झाली पाहिजे. नोंद नाही, तर मेसेज जात नाही.

‘अहो, चार ओळींचा मेसेज, त्याला कसली आली नोंदणी?’ असे कोणी म्हणेल. परंतु ऊस उत्पादकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. आपण लागण केली की शेती खात्याकडे नोंद देतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख सगळे लिहिले जाते. तोड आली की स्लिप निघते आणि गाडी काट्यावर आली की स्लिप, सभासद कोड आणि वाहन यांचा मेळ घातला जातो. मेळ बसला तरच वजन होते आणि मोळी गव्हाणीत पडते. मेसेजचेही हुबेहूब तसेच आहे. धंदेवाला हा सभासद, त्याचे मेसेजवर दिसणारे नाव हा त्याचा कोड, आधी मंजूर करून घेतलेला मजकूर ही नोंद, आणि मेसेज वाहून नेणारी एजन्सी म्हणजे करार केलेला वाहतूकदार. मोबाईल कंपनीच्या काट्यावर या चौघांचा मेळ क्षणात घातला जातो. एक जरी जुळले नाही तरी गाडी माघारी.

ही नोंद ठेवण्याच्या यंत्रणेला ‘डीएलटी’ म्हणतात. एकाच खातेवहीच्या प्रती सगळ्या मोबाईल कंपन्यांकडे असाव्यात आणि एकीत केलेली नोंद सर्वांना दिसावी, अशी ती वही आहे. त्यामुळे जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया, बीएसएनएल यांपैकी कोणत्याही एका कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी केली तरी चालते. चार ठिकाणी चार वेळा फी भरायचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

प्रथम धंद्याची नोंदणी. पॅन कार्ड, जीएसटीचा किंवा धंद्याचा दुसरा सरकारी दाखला, लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी अधिकारपत्र आणि सही करणाराचे ओळखपत्र एवढी कागदपत्रे तयार ठेवावीत. फी कंपनीच्या दरपत्रकाप्रमाणे असते. कागदपत्रांत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी, ती म्हणजे नाव. पॅनवर वडिलांचे नाव, जीएसटीवर ‘अमुक ॲग्रो’ आणि पाटीवर तिसरेच, असा प्रकार खेड्यापाड्यांत सर्रास असतो, आणि असा अर्ज परत येतो. कागद मंजूर झाले की १९ अंकी ओळख क्रमांक मिळतो. तो सात-बाराच्या उताऱ्यासारखा जपून ठेवावा.

दुसरे काम हेडरचे. मेसेज आल्यावर वरच्या बाजूला नंबराऐवजी जी सहा इंग्रजी अक्षरे दिसतात, ते हेडर. ते आपल्या धंद्याच्या नावाशी जुळणारे असावे लागते. उगाच बड्या कंपनीच्या नावाशी मिळते-जुळते मागितले तर मिळत नाही, आणि ते बरेच आहे. या सहा अक्षरांच्या आधी आणखी दोन अक्षरे दिसतात. ती मोबाईल कंपनी आणि तिचे क्षेत्र दाखवतात, आपल्याला ती मागावी लागत नाहीत.

तिसरे काम मजकुराचे, आणि खरी मेख येथे आहे. मेसेजचा साचा आधी लिहून मंजूर करून घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी बदलणाऱ्या जागा, म्हणजे नाव, तारीख, संख्या, रक्कम, तेवढ्या मोकळ्या सोडायच्या. बाकीचा शब्द न् शब्द पाठवताना तसाच राहिला पाहिजे. ‘आपण नोंदविलेली (संख्या) रोपे (तारीख) रोजी तयार होतील’ असा साचा मंजूर असेल आणि पाठवताना कोणी ‘नमस्कार’ जोडला, तर तो मेसेज अडतो. सगळ्याच जागा मोकळ्या सोडून कोरा चेक मागणाऱ्याचा साचा नामंजूर होतो. मजकुरात धंद्याचे नाव असावे. एखादी लिंक द्यायची असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेली लिंक असलेले मेसेज अडवले जातात.

साचा करतानाच मेसेजचा प्रकार ठरवावा लागतो. ‘आपली ४,००० रोपे मंगळवारी तयार होतील’ ही ज्याने मागणी नोंदवली त्याला दिलेली माहिती झाली. ‘यंदा रोपांवर खास सवलत’ ही जाहिरात झाली. दोन्ही मेसेज तुम्हीच पाठवत असलात तरी कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याने १९०९ वर कळवून जाहिराती बंद केल्या आहेत, त्याला जाहिरात त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय जात नाही. जाहिरातीच्या मेसेजमध्ये ‘बंद करा’ म्हणण्याची सोय द्यावी लागते, आणि एकदा गिऱ्हाइकाने नको म्हटले की ९० दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागता येत नाही. जाहिरात माहितीच्या साच्यात दडपून पाठवायची हुशारी काहीजण करतात. ती करू नये. तक्रार झाली की साच्यासकट हेडरही जाते.

मराठीत मेसेज पाठवता येतो का, असा प्रश्न हमखास येतो. येतो, परंतु खर्चाचे गणित समजून घ्यावे. इंग्रजी अक्षरांचा मेसेज १६० अक्षरांपर्यंत एक धरला जातो. देवनागरीचा मात्र ७० पर्यंतच. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षराचा हलन्त हे सगळे यंत्र वेगवेगळे मोजते. ‘क्विंटल’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द, यंत्र त्याची सात धरते. ७० च्या पुढे गेले की मेसेजचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणजे १५० अक्षरांचा मजकूर इंग्रजीत एक मेसेज आणि मराठीत तीन. म्हणून काहीजण इंग्रजी लिपीत मराठी लिहितात. आमचे मत विचाराल तर दोन पैसे जास्त गेले तरी देवनागरीच बरी. इंग्रजी लिपीतले मराठी म्हाताऱ्या माणसाने वाचायचे म्हणजे शिक्षाच. मजकूर मात्र आटोपशीर लिहावा. ‘मान्यवर’ आणि ‘सस्नेह’ यांना मेसेजमध्ये जागा नाही.

चौथे काम एजन्सीचे. मेसेज प्रत्यक्ष पाठवणारी एजन्सीही डीएलटीवर नोंदलेली असली पाहिजे, आणि तिचे नाव तुमच्या खात्याशी जोडलेले असले पाहिजे. ११ डिसेंबर २०२४ पासून ही साखळी जुळत नसेल तर मेसेज नाकारला जातो. येथे सभासदांना एक सावधगिरीची सूचना. ‘तुम्ही काही करू नका, सगळे आम्ही आमच्या नावावर करून देतो’ असे एजन्सीचा माणूस म्हणाला तर हात जोडावेत. हेडर त्याच्या नावावर गेले तर उद्या तुमच्या नावाने काय जाईल यावर तुमचा ताबा नाही. उसाची नोंद आपण वाहतूकदाराच्या नावावर करतो का? खात्याचा पासवर्डही आपल्याकडेच ठेवावा.

इतका खटाटोप न करता साध्या सिमकार्डावरून घाऊक मेसेज पाठवले तर? १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने हा नियम कडक झाला आहे. नोंद नसलेल्या नंबराविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की कारवाईची पायरी गाठली जाते. पहिल्या वेळी त्या व्यक्तीच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा घडले तर सर्व जोडण्या एक वर्षासाठी तोडल्या जातात आणि दुसरी कंपनीही सिम देत नाही. रोपांच्या ऐन हंगामात १५ दिवस फोन लागला नाही तर काय नुकसान होईल, हे रोपवाटिकावाल्याला सांगायला नको.

नोंदीकडे दुर्लक्ष केल्याची फजिती मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. ८ मार्च २०२१ रोजी कंपन्यांनी मजकुराची पडताळणी चालू केली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडले. अनेक संस्थांनी साचे नोंदवलेच नव्हते, काहींचे नोंदवलेले आणि पाठवलेले जुळत नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही पडताळणी सात दिवस स्थगित करावी लागली.

आता जो सभासद कसलाही जोडधंदा करत नाही, त्याने हे का वाचावे? तर आपल्याच पैशासाठी. वजनपावती, तोडणीची सूचना, बिल जमा झाल्याची माहिती हे सगळे मोबाईलवर येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज. या मुदतीच्या सुमारास ‘आपले ऊसबिल अडकले आहे, माहिती भरा’ असा मेसेज आला तर माणूस घाईत दाबून मोकळा होतो. लुबाडणारा याच घाईवर टपलेला असतो.

म्हणून मेसेजचा मजकूर वाचण्याआधी तो कोणाकडून आला ते पाहावे. हेडरच्या शेवटी आता एक अक्षर येते. पी असेल तर जाहिरात, एस सेवेची माहिती, टी व्यवहाराचा मेसेज, जी सरकारी. वजनपावतीच्या मेसेजला शेवटी पी असूच शकत नाही. दहा अंकी साध्या नंबरावरून ऊसबिलाचा मेसेज आला तर तो सरळ खोटा धरावा. हेडर कोणाच्या नावावर आहे हे ट्रायच्या संकेतस्थळावर शोधता येते, घरातल्या शाळकरी पोराला सांगितले तरी तो काढून देईल. मात्र हेडर बरोबर दिसले म्हणून डोळे झाकून विश्वास टाकावा असेही नाही. काही एजन्सींनी दुसऱ्यांचे हेडर आणि साचे गैर वापरल्याचे आढळल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रायने सर्वांची फेरतपासणी करण्याचा आदेश काढला होता. आणि व्हॉट्सॲपवर ही चाळणी मुळीच नाही. सरकारी योजनेच्या नावाने गावच्या ग्रुपवर येणारी ‘एपीके’ फाईल याच वाटेने येते. ती उघडू नये आणि पुढेही पाठवू नये.

नको असलेल्या व्यापारी मेसेजची तक्रार १९०९ वर सात दिवसांच्या आत करावी. मेसेज पुसून टाकू नये, कारण पाठवणाराचा नंबर किंवा हेडर, तारीख आणि मजकूर द्यावा लागतो. पैसेच गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे.

शेवटी आपल्या कारखान्याच्या नोंदीविषयी. पुष्कळ सभासदांच्या खात्याला मुलाचा किंवा पुतण्याचा नंबर लावलेला आहे. तो नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, आणि वजनपावती तिकडे जाते. काही नंबर बंद पडून दुसऱ्याच कोणाला मिळालेले आहेत. ज्यांचा नंबर बदलला आहे त्यांनी सभासद कोड, पासबुकाची झेरॉक्स आणि नवा नंबर घेऊन आपल्या गट कार्यालयात समक्ष यावे आणि अर्जावर सही करावी. नंबर बदलण्यासाठी कारखान्याचा कोणीही कर्मचारी फोनवरून ओटीपी विचारणार नाही. कोणी विचारलाच तर देऊ नये आणि त्याच दिवशी शेती अधिकाऱ्यांना कळवावे.