लोणार सरोवराचे जलमापन : योजनेची पूर्वतयारी

सरोवराच्या पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा तर प्रथम त्याची सीमा निश्चित करावी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरापुरती ही सीमा निसर्गानेच आखून दिली आहे, असे सकृद्दर्शनी वाटते. बेसॉल्ट खडकात अशनिपाताने निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्यातून बाहेर वाहणारा एकही प्रवाह नाही. आत आलेले पाणी बाष्परूपाने जाते, क्षार मागे राहतात. पाण्याच्या खारेपणाचे हे प्रमुख कारण होय.

तथापि भूपृष्ठावरील जलविभाजक आणि भूजलाची सीमा या एकच नव्हेत. धार, रामगया इत्यादी झऱ्यांचे पाणी खडकांतील भेगांमधून येते आणि त्याचे उगमक्षेत्र विवराच्या काठापलीकडील शेतांखालीही पसरलेले असू शकते. यास्तव योजनेत दोन सीमा धराव्यात : पावसाच्या वाहत्या पाण्यासाठी काठाची, व भूजलासाठी बाहेरील विहिरींच्या निरीक्षणांवरून ठरणारी. त्या विहिरींतील पातळ्या आणि सरोवराची पातळी एकाच आधारबिंदूपासून मोजल्या पाहिजेत. अन्यथा पाणी कोणत्या दिशेस वाहते हेच कळणार नाही.

पर्जन्य, ओहोळ, झरे, भूजल, बाष्पीभवन, झिरप आणि साठ्यातील बदल ही ताळेबंदाची अंगे होत. यांपैकी एखादे अंग न मोजता इतरांच्या वजाबाकीतून काढण्याचा मोह टाळावा, कारण सर्व मापनांतील चुका त्या एका आकड्यात साठतात. जलपृष्ठ १ चौरस किलोमीटर धरल्यास पातळीतील १ सेंटीमीटरचा फरक १०,००० घनमीटर पाण्याएवढा होतो. लहानशा झऱ्याचे कित्येक दिवसांचे पाणी एवढ्या चुकीत लोपून जाईल. बाष्पीभवनपात्रही विवराच्या तळाशीच ठेवावे, कारण तेथील वारा व ऊन माथ्यावरच्याहून भिन्न असतात.

जलसंतुलनाचा पडताळा क्लोराइडच्या संतुलनाने घेता येतो. बाष्पीभवनाने क्लोराइड जात नाही, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर मात्र जाते. त्यामुळे पातळी उतरली असता पाणी हवेत गेले की जमिनीत मुरले, याचा निवाडा होऊ शकतो. निरीक्षणांत निदान दोन पावसाळे व त्यांमागून येणारे उन्हाळे समाविष्ट असावेत.

या मापनाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारता वाढली असता लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले. त्याच वर्षी त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. येथील जीवसृष्टी क्षारतेच्या विशिष्ट मर्यादेवर अवलंबून आहे. बाहेरील उपशाने झरे आटले तर ती मर्यादा एका बाजूने ढळेल. गोड्या पाण्याची आवक वाढली तर दुसऱ्या बाजूने. म्हणून संरक्षणाचा कोणताही उपाय योजण्यापूर्वी काठापलीकडून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण ठरविणे, हेच या योजनेचे पहिले कार्य ठरते.