लंडनचं पत्र : भरलेल्या घरातली माणसं

लंडनमध्ये सामानाने गच्च भरलेल्या घरांची काळजी अग्निशमन दलही घेतं. जवान घरी येतात, धुराचा अलार्म फुकट बसवून देतात, दारापर्यंतची वाट मोकळी ठेवायला सांगतात. फोटोंचा एक संच ते वापरतात. एकाच खोलीचे 9 फोटो, रिकाम्या खोलीपासून वरपर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. "तुमची खोली यातल्या कितव्या फोटोसारखी?" असं विचारायचं. चौथ्यापासून पुढे मदतीची गरज धरतात. माणसाला घाणेरडा किंवा आळशी न म्हणता बोलणं सुरू करायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

कारण आपल्याकडे, फुलंब्रीत काय होतं ते मी पाहिलंय. म्हातारी लेकीकडे गेली की पोरं ट्रॉली लावतात आणि खोलीतलं सगळं भंगारात घालतात. ती परत येते, रडते, जेवण सोडते. काही महिन्यांत खोली पुन्हा भरते, आणि पोरांवरचा विश्वास मात्र गेलेला असतो. सुनेची घुसमट तर कुणी विचारतच नाही. तिला पाहुण्याला बसवायला जागा नसते आणि बाहेर बोलायची सोय नसते.

1972 चा दुष्काळ पाहिलेल्या बायका सुतळी, चिंध्या, रिकामे डबे जपतात. चिंध्यांची गोधडी होते. ही काटकसर आहे, तिला आजार म्हणू नये. पण जिथं बाजेवर झोपायला जागा उरत नाही, चुलीपाशी बसता येत नाही आणि फाटकी पिशवी टाकायची म्हटलं तरी जीव कासावीस होतो, तिथं दुखणं आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये सामान साठवत राहण्याच्या या दुखण्याला स्वतंत्र आजार मानलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. सुरुवात बहुधा तरुणपणीच होते, घर भरलेलं दिसतं ते उतारवयात. एकाच घराण्यात तो पुन्हा पुन्हा आढळतो.

इंग्लंडच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे, निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसाने चुकीचा निर्णय घेतला म्हणून त्याचा हक्क जात नाही. उंदीर-किडे झाले, घाण आरोग्याला धोक्याची झाली, तर नगरपालिका 1936 च्या कायद्याने साफसफाईची नोटीस देऊ शकते. एरवी समजूत घालायची. उपचारही तसाच संथ : एकेक वस्तू हातात घ्यायची, ठेवायची की टाकायची ते त्या माणसानेच ठरवायचं, टाकताना होणारी तगमग सोसायला शिकायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हे इथं फार जड जातं. शेजारी बसून धीर द्यायला कुणी नसतं.

आपल्याकडे ते माणूस घरातच असतं. आधी चुलीभोवतीची आणि दाराकडची जागा, तीही सामान साठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेगाने मोकळी करू द्या. संभाजीनगरला घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या माणसांनी, सुनेनेही, स्वतःसाठी तो लावायला हरकत नाही.