ते हट्टी नाही, घाबरलंय!

मुलांचा अभ्यास, खोकला, न जेवण्याचे नखरे यावर आपण तासभर बोलू शकतो. पण 'चार-चार दिवस शी होत नाही' हे सांगायची वेळ आली की आवाज आपोआप खाली येतो. भिंगारमध्ये महिला मंडळाच्या कामासाठी घरोघरी जाणं होतं. चहा होतो, कामाचं बोलणं संपतं आणि दारापर्यंत सोडायला आलेली आई हळूच विचारते, "ताई, याच्या पोटाचं काय करावं हो? संडासला बसायचं म्हटलं की नुसता रडतो. फार हट्टी झालाय."

खरं म्हणजे ते लेकरू हट्टी नसतं. घाबरलेलं असतं.

पण त्याआधी एक गोष्ट. रोज शी झालीच पाहिजे असा नियम नाही. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही, पण ते हसतंखेळतं आहे, नीट पितं आहे, वजन वाढतं आहे आणि झाली तेव्हा शी मऊ आहे, तर काळजीचं कारण नसतं. मोठ्या मुलाला मात्र आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होत असेल, खडा होत असेल, होताना दुखत असेल आणि हे महिनाभर चाललं असेल, तर ती बद्धकोष्ठता समजायची.

हे सुरू कसं होतं?

निमित्त साधंच असतं. ताप येऊन गेला, पाणी कमी प्यायलं गेलं, प्रवास झाला किंवा नवी शाळा सुरू झाली. एकदा खडा झाला, जागा चिरली, आग झाली. बस्स! मुलाच्या मनात पक्कं बसतं, शी म्हणजे दुखणं. पुढच्या वेळी कळ आली की ते पाय आवळून उभं राहतं, पडद्यामागे लपतं, टाचा उचलून लालबुंद होतं. आपल्याला वाटतं जोर करतंय. प्रत्यक्षात ते शी आत दाबून धरत असतं. आत राहिलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी मोठा आणि कडक होतो, पुढच्या वेळी जास्त दुखतं. हे चक्र महिनोन्महिने चाललं की आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो आणि कळ आल्याचंच मुलाला समजेनासं होतं.

मग चड्डीला डाग पडायला लागतात. अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते. मुलाला ते कळतही नाही. घरी आपण म्हणतो, "एवढा घोडा झाला तरी चड्डीत करतो!" शाळेत पोरं चिडवतात. काही आया तर जुलाब समजून ते थांबवायचं औषध देतात आणि दुखणं वाढतं. या डागांसाठी मुलाला कृपा करून मारू नका. तो घाणेरडेपणा नाही, आजाराचं लक्षण आहे.

उपाय काय?

आपल्याकडे पहिला हात जातो एरंडेलाकडे. नाहीतर साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ. यातलं काही आपल्या मनाने करू नका. आधीच घाबरलेल्या मुलाची त्याच जागी पुन्हा ओढाताण झाली की भीती दुप्पट होते.

मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि शीबद्दल मोकळेपणी सांगा. किती दिवसांनी होते, खडा की मऊ, डाग पडतात का, सगळं. आतला साठा आधी औषधाने साफ करावा लागतो. त्यानंतर शी मऊ ठेवणारं औषध रोज, बरेचदा काही महिने घ्यावं लागतं. लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही त्यातली नेहमीची नावं. प्रमाण मात्र डॉक्टरच ठरवणार. गाडी अडते ती इथेच. आठ दिवसांत शी व्हायला लागली की आपण, 'सवय लागेल' म्हणून बाटली बंद करतो. या औषधांची आतड्याला सवय लागत नाही. ती शीमध्ये पाणी धरून ठेवतात, एवढंच. भीती जायला आणि सैल पडलेलं आतडं ताळ्यावर यायला वेळ लागतो. औषध डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि हळूहळू कमी करायचं.

दुसरं, बसायची सवय. जेवण पोटात गेलं की आतडं हालचाल करू लागतं. म्हणून सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली स्टूल किंवा पाट द्या. पाय लोंबकळत राहिले तर जोर लागत नाही. भारतीय संडासात पडायची भीती वाटत असेल तर लहान पॉटी आणा. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्या. "झाली का, झाली का" म्हणून दार वाजवू नका.

तिसरं, खाणं. पुष्कळ मुलं दुधावरच पोट भरतात आणि मग भाकरी नको होते. वर्ष उलटलेल्या मुलाला दिवसाला दोन कप दूध पुष्कळ झालं. आपल्या नगरकडची बाजरी-ज्वारीची भाकरी, मेथी, मटकी, हुलग्याचे शेंगोळे, आपल्या जिल्ह्यातल्याच राहात्याचे पेरू, पपई, भिजवलेले काळे मनुके या सगळ्यात चोथा आहे. बिस्किटं, मैद्याचे पाव, कुरकुरे यांत तो जवळजवळ नाहीच. पाणी डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे मागावं लागणार नाही. पण एक लक्षात घ्या, जुनं दुखणं नुसत्या भाजीने बरं होत नाही. औषध आणि बसण्याची सवय सोबत लागतेच.

थांबू नका

जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती, पोट फुगतंय, हिरवी उलटी होते, वजन वाढत नाही, शीतून बरंच रक्त जातंय किंवा पायांत अशक्तपणा आहे, तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि शाळा? पुष्कळ मुलं, विशेषतः मुली, दिवसभर दाबून ठेवतात, कारण शाळेच्या संडासाला कडी नसते, पाणी नसतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली शाळांमध्ये स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. तेव्हा पालक सभेत मार्कांसोबत हेही विचारा, कडी आहे का? नळाला पाणी येतं का? तास चालू असताना मुलाला जाऊ देता का? एकटीने विचारायला संकोच वाटत असेल तर चार जणी मिळून विचारा. मुलांना आपल्या तोंडाने हे मागता येत नाही. ते आपणच मागायचं.