निकालापूर्वीचे दिवस

लघवीतून रक्त जाणे ही गोष्ट आपल्याकडे आजही चारचौघांत बोलण्याजोगी समजली जात नाही. आणि ते रक्त काही दुखतखुपत नसताना एके सकाळी अकस्मात दिसले व दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसे झाले, म्हणजे तर उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचे पाणी प्यायले की उतरेल, अशी स्वतःची समजूत घालून माणूस ती हकीगत घरातल्यांपासूनही दडवून ठेवतो. वस्तुतः वेदनारहित रक्तस्राव हेच मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत प्रमुख, आणि पुष्कळदा एकमेव, चिन्ह असते. तो थांबला म्हणून त्याचे कारणही संपुष्टात आले असे मानण्यास काही आधार नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाणे प्राप्तच असते. परंतु ज्या दिवशी सोनोग्राफीची आणि दुर्बिणीची चिठ्ठी हाती पडते, पुढची तारीख मुक्रर होते आणि ‘तसलं काही नाही ना, डॉक्टर?’ हा प्रश्न ‘तपासल्याशिवाय कसं सांगू?’ या प्रामाणिक उत्तरानिशी परत येतो, त्या दिवसापासून शेवटचा रिपोर्ट मिळेपर्यंतच्या मुदतीत माणसाच्या मनाचे काय होते, याचा विचार करण्याची जबाबदारी कोणाच्याच दप्तरी नोंदलेली नसते. प्रतीक्षेतील हे भय हाच एक स्वतंत्र आजार आहे आणि त्याची शुश्रूषाही स्वतंत्रपणे केली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

या भयाची पहिली गरज म्हणजे त्याला भित्रेपणा न म्हणणे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पंचेचाळीस स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर दगड उलटून त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायला सांगितले होते. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. तळहाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून मनाचा ताण मोजला, तेव्हा असे दिसले की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जितका ताण येतो, त्याहून अधिक ताण तो बसण्याची शक्यता निम्मी असताना येतो. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी चार महिने थांबणाऱ्या उमेदवारांचा केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ विदुषीने अभ्यास केला. मन शांत ठेवण्यासाठी त्यांनी योजलेल्या युक्त्यांचा फारसा उपयोग झाला नाही; मात्र ज्यांनी तो काळ तळमळत काढला, त्यांनी पुढे वाईट निकाल अधिक धीराने सोसला आणि चांगल्या निकालाचा आनंदही अधिक मनापासून घेतला. ‘चांगला विचार करा, म्हणजे चांगलंच होईल’ असे म्हणणाऱ्या आप्तांचा हेतू शुद्ध असतो. पण ज्याला रात्री झोप नाही, त्याच्या माथी चांगला विचार न केल्याचा अपराधही मारला जातो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आता प्रत्यक्ष भयाच्या विषयाकडे वळू. लघवीत रक्त डोळ्यांना दिसले म्हणून तपासणीस आलेल्या रुग्णांत कर्करोग निघण्याचे प्रमाण साधारणतः दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान आढळते. म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत कारण मूतखडा, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असे अन्य काही निघते, आणि काहींच्या बाबतीत काहीच निघत नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२ च्या सुमारास लघवीतून रक्त जाणाऱ्या ग्रामस्थांच्या दुखण्याचे मूळ चक्क एका परजीवी कृमीत सापडले होते. त्याच जातीचा कृमी इजिप्तमध्ये वर्षानुवर्षे शरीरात राहिला म्हणजे कर्करोगासही कारण होतो, तेव्हा कारण शोधल्यावाचून गत्यंतर नाही, एवढा बोध त्यातूनही होतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी सारा दोष त्या गोळीवर टाकून स्वस्थ बसू नये. तपासणी त्यांनीही करावी. स्त्रियांच्या बाबतीत तर पुनःपुन्हा जंतुसंसर्गाचेच औषध देण्यात बहुमोल महिने निघून जातात, हे मला विशेष खेदाने नमूद करावेसे वाटते. आणि ज्यांनी आयुष्यभर विडी-सिगारेट ओढली, त्यांना या दिवसांत भयाच्या जोडीला पश्चात्तापही पोखरत असतो. तंबाखूच्या धुरातील विषे रक्तावाटे मूत्रपिंडांत आणि तेथून मूत्राशयात येऊन त्याच्या अस्तराशी तासन्‌तास राहतात, हे खरे आहे. पण त्या माणसाला आज जाब विचारण्यापेक्षा आजपासून विडी सोडण्यास हात देणे, हेच त्याच्या माणसांचे कर्तव्य होय.

अज्ञात गोष्टीचे भय तिची रीत कळली की पुष्कळ आटोक्यात येते, म्हणून ती रीत थोडी सविस्तर सांगतो. सोनोग्राफीच्या दाराबाहेर पाण्याची बाटली हातात घेऊन बसलेल्यांना आतील बाई ‘प्रेशर आलं की सांगा’ म्हणून बजावतात, कारण मूत्राशय भरलेले असेल तरच त्याची भिंत नीट दिसते. पण अस्तरावरील बारीक अथवा सपाट विकृती सोनोग्राफीच्या नजरेतून निसटू शकते, म्हणून दुर्बीण लागते. १८०६ साली फ्रँकफुर्टच्या बोझिनी नामक वैद्याने मेणबत्ती आणि आरसा यांच्या साहाय्याने शरीराच्या पोकळीत डोकावण्याचे साधन केले. १८७९ साली माक्स नित्से याने व्हिएन्नाच्या कारागिराकडून तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेचा प्रकाश देणारी, भोवती पाणी खेळवून थंड ठेवलेली दुर्बीण घडवून घेतली. आजची लवचीक दुर्बीण बधिरता आणणारी जेली घालून काही मिनिटांत आत फिरवून काढता येते. कडक दुर्बिणीसाठी मात्र बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. नंतर एकदोन दिवस लघवीला जळजळ होते, किंचित रक्तही दिसते. भरपूर पाणी प्यावे, पण ताप आला किंवा लघवी अडली तर तत्काळ कळवावे.

गाठ दिसलीच तर ती भूल देऊन आतूनच खरवडून काढतात आणि ‘तुकडा तपासायला पाठवला’ हे वाक्य कानी पडते, जे ऐकताच अनेकांचे काळीज लकाकते. तो तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग मद्यार्कातून जाता जाता त्यातील पाणी काढले जाते, मेणात बसवून त्याची वडी करतात. त्या वडीचे तीन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट जाडीचे, काप यंत्राने कापून कोमट पाण्यावर सोडतात. तंत्रज्ञ तो तरंगणारा, जवळजवळ अदृश्य पापुद्रा काचपट्टीवर सुरकुती न पडू देता अलगद उचलून घेतो. त्यावर निळा आणि गुलाबी रंग चढवला म्हणजे पेशींची केंद्रके उठून दिसतात आणि मगच पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाशी बसतो: पेशी कोणत्या प्रतीच्या, आणि त्या अस्तरापुरत्या आहेत की खालच्या स्नायूत शिरल्या आहेत. कधी त्याला आणखी विशेष रंगाची चाचणी करावीशी वाटते. त्यात चार दिवस अधिक गेले म्हणजे बातमी वाईट आहे, असा अर्थ मुळीच काढू नये. ती बहुधा दिरंगाई नसून खातरजमा असते.

आणि समजा, वाईटच निघाले. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या चार नव्या रुग्णांपैकी सुमारे तिघांत तो स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो, आणि तेथे दुर्बिणीतून गाठ काढणे हाच उपचाराचा पाया असतो. कॅनडातील मोरालेस यांनी १९७६ साली क्षयावरील आपली परिचित बीसीजी लस मूत्राशयात सोडून या गाठी पुन्हा उद्भवण्यास आळा घालता येतो असे दाखवले, आणि ती पद्धत आजही प्रचारात आहे. हा रोग पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून नियमित दुर्बीण तपासणीचे वेळापत्रक पाळावे लागते. तो स्नायूत उतरला असेल तर उपचार मोठा आणि कठीण होतो, हे मी लपवणार नाही. पण म्हणूनच ठरलेल्या तारखेला हजर राहण्यात हयगय होता कामा नये. भयाचे सर्वांत मोठे नुकसान रात्रीच्या जागरणात नसून, ‘यजमानांचं काम निघालं, पुढच्या महिन्यात येतो’ असा निरोप दवाखान्यात धाडण्यात आहे.

मग दिवस काढावेत कसे? पेनसिल्व्हेनियातील टॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये एक साधी रीत तपासून पाहिली: काळजीसाठी रोज एकच ठरावीक जागा आणि अर्ध्या तासाची वेळ नेमून द्यायची, आणि ती अवेळी आली की तिला त्या वेळेपर्यंत थांबवायचे. दारी तगादा घेऊन आलेल्या सावकारास ‘सायंकाळी सहाला या’ म्हणून सांगावे, तसाच हा प्रकार. काळजी जात नाही, पण तिन्ही त्रिकाळ ओसरीवर ठाण मांडून बसत नाही. त्या अर्ध्या तासात मनातील प्रश्न कागदावर उतरवावेत. उरलेल्या वेळी ज्यात भान हरपते असे हातचे काम धरावे. स्वीनी यांच्याच पुढील अभ्यासात अशा तल्लीनतेने थांबण्याचे दिवस सुसह्य होतात असे आढळले आहे.

घरच्यांविषयीही बोलले पाहिजे. आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना आधी बाजूला गाठून ‘बाबांना काही सांगू नका’ म्हणतो, आणि इकडे बाबा पत्नीला ‘अगं, साधा मूतखडा आहे’ म्हणतात. एका घरात दोन माणसे परस्परांपासून एकच भय लपवीत, एकमेकांच्या झोपेचा श्वास ऐकत पडून राहतात. या लपवालपवीइतकी क्रूर माया दुसरी नाही. निदान एका माणसाला सर्व सांगावे आणि त्याला रिपोर्टच्या दिवशी बरोबर न्यावे, कारण त्या खोलीत ऐकलेले निम्मे ध्यानात राहत नाही. कागदावर एवढे प्रश्न असावेत: पेशी कोणत्या प्रतीच्या, तुकड्यात स्नायूचा भाग आला होता काय आणि तो मोकळा आहे काय, दुर्बीण पुन्हा करावी लागेल काय, पुढची तारीख कोणती. आणि रिपोर्ट निर्मळ आला, तरी उठण्यापूर्वी आणखी एक विचारून घ्यावे, की रक्त पुन्हा दिसल्यास किती दिवसांत यायचे.