घसरलेली झडप, शंकूची करामत

१८६६ साल. ना एक्स-रे, ना ईसीजी. तेव्हाच्या ब्रेस्लाव, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात डॉ. विल्हेल्म एब्श्टाइन यांनी १९ वर्षांच्या एका मजुराचं शवविच्छेदन केलं. हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जागेवर नव्हतीच! रक्त कुठून उलटं वाहत असेल, हेही त्यांनी नुसत्या निरीक्षणावरून मांडलं. केवढी तीक्ष्ण नजर! विकाराला त्यांचं नाव मात्र त्यांच्या पश्चात मिळालं. आणि जिवंत माणसात तो ओळखता यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

या झडपेला तीन पाकळ्या. या विकारात दोन भिंतीला चिकटून खाली उतरतात, पुढची तिसरी शिडासारखी पसरते. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, वरचा कप्पा फुगत जातो. जन्मजात हृदयविकारांत याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी.

गंमत म्हणजे तऱ्हा एकसारखी नाही. कुणाचा जीव जन्मताच धोक्यात, तर कुणी ऐंशी ओलांडतं. कित्येकांना मोठेपणीच कळतं: जिना चढताना धाप, अचानक छातीत धडधड, ओठांवर निळसर झाक. अनेकांच्या हृदयात विजेची एक जादा वाटही असते, धडधडीचं एक मूळ तीच.

पूर्वी अनेकदा झडपच बदलत. यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची बसवली तर ती कधीतरी झिजणार. १९९३मध्ये ब्राझीलचे डॉ. जोझे पेद्रो दा सिल्वा यांनी वेगळीच वाट धरली. चिकटलेल्या पाकळ्या भिंतीपासून अलगद सोडवायच्या, फिरवून कडेला कड शिवायची आणि शंकू तयार करायचा. टोक खाली, रुंद तोंड झडपेच्या मूळ जागी. भिंतीच्या पातळ भागाला चुणी घालायची. मग कप्प्यात सलाइन भरून पाहायचं, गळतं का? सगळा माल रुग्णाच्याच हृदयातला! मला या शस्त्रक्रियेचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते याचंच.

पाकळ्याच अपुऱ्या असतील तर मात्र नवी झडप लागतेच. म्हणून हे काम जन्मजात हृदयविकारांचा सराव असलेल्या सर्जनकडेच व्हावं.

धाप किंवा धडधड वारंवार होत असेल, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, टू-डी इकोबद्दल विचारा. घसरलेली झडप त्यात दिसते.