डीव्हीडी प्लेअर घेताना त्याची पाठ बघा

पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून ठणठणीत आहे, कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, नाटकांच्या डीव्हीडी पडून आहेत आणि प्लेअर तेवढा बंद पडलाय, अशी घरं अजून बरीच आहेत. ‘कुठलाही प्लेअर कुठल्याही टीव्हीला चालतो’ असं धरून लोक दुकानात जातात आणि तिथेच फसतात. पुढून सगळे प्लेअर सारखेच दिसतात. निवड करायची ती पाठ बघून.

त्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारा. पिवळी, पांढरी, लाल अशी एव्ही सॉकेटं दिसली तर प्लेअरलाही तीच हवीत. त्याहून जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाची वायर लागते. त्यासाठी मध्ये आरएफ मॉड्युलेटरची छोटी डबी बसवावी लागते. ‘जुना व्हीसीआर आहे ना, त्यातून जोडा’ हा सल्ला हमखास मिळतो, पण ऐकू नका. विकतच्या अनेक डीव्हीडींवर मॅक्रोव्हिजन नावाचं कॉपी रोखणारं कुलूप असतं. व्हीसीआरमधून नेलं की चित्र उजळतं, काळवंडतं, पुन्हा उजळतं; आणि आळ येतो बिचाऱ्या प्लेअरवर.

‘एचडीएमआयवाला घ्या, तो भारी.’ नव्या टीव्हीसाठी, होय. तुमच्या टीव्हीसाठी नाही. नुसतं एचडीएमआय असलेला प्लेअर आणलात तर कन्व्हर्टर लागेल, आणि तो ‘एचडीएमआय टू एव्ही’ असाच मागा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ची डबी दिसायला जुळी बहीण, पण काम नेमकं उलटं करते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, डबीवरचा बाण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘1080पी अपस्केलिंग’साठी जास्त पैसे मोजायचीही गरज नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र असतं 720 बाय 576 ठिपक्यांचं. जुना टीव्ही तेवढंच दाखवायला बनलाय, तो त्यापुढे जाणार नाही. उलट सेटिंगमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ चालू राहिलं तर कंपोनंट वायरीने जोडलेल्या जुन्या टीव्हीवर चित्र फाटतं किंवा येतच नाही.

चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं की ‘प्लेअर गेला’ म्हणून मोकळे होऊ नका. बहुतेक वेळा पिवळी पिन प्लेअरच्या कंपोनंटच्या हिरव्या सॉकेटात बसलेली असते. हिरव्यातून फक्त उजेड-अंधाराचा सिग्नल येतो, रंग येत नाहीत. पिन पिवळ्यात घाला, रंग परत येतील.

अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली डिस्क लागत नाही, याची कारणं दोन असू शकतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे रिजन: भारताचा 5, अमेरिकेचा 1. विकतच्या डिस्कवर हे बंधन असतं, घरी बनवलेल्या डिस्कवर नसतं. दुसरं म्हणजे चित्राची तिकडची एनटीएससी पद्धत, आपल्या पालहून वेगळी. ‘ऑल रिजन’ प्लेअर पहिली अडचण सोडवतो. दुसरीसाठी प्लेअरमध्ये एनटीएससीचं पाल करण्याची सोय हवी, नाहीतर चित्र रंगहीन होतं किंवा वरखाली पळतं. घरी बनवलेली डिस्क फायनलाइज, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर बंद, करायची राहिली असेल, तर मात्र प्लेअर कितीही चांगला असो, तो ती बहुधा वाचणार नाही.

यूएसबी आहे म्हणून मोबाइलवरचे व्हिडिओ दिसतील, ही आशा मात्र सोडा. अशा प्लेअरना सहसा जुन्या एव्हीआय फायली कळतात, आजच्या फोनच्या फायली नाहीत.

आता जुन्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी. ट्रे बाहेर येत नसेल तर दुकानदार ‘लेन्स गेली’ म्हणेल, पण दोष बऱ्याचदा आतल्या सैल झालेल्या रबरी पट्ट्याचा असतो आणि तो स्वस्तात बदलतो. लेन्सची खरी परीक्षा घ्यायची तर घरून दोन डिस्क न्या: एक लग्नाची, घरी बनवलेली, दुसरी विकतच्या लांबलचक चित्रपटाची. अशा चित्रपटाची डिस्क बहुधा दोन थरांची असते आणि तिच्यात 8.5 जीबीपर्यंत डेटा मावतो. चित्रपट निम्म्याच्या पुढे ढकलून बघा. थर बदलताना क्षणभर अडखळला तर चालेल. तिथेच अडकून बसला तर लेन्स थकलीय, परत ठेवा.

आणि रिमोट मागून घ्या. पाल-एनटीएससी, 4:3 पडदा, प्रोग्रेसिव्ह ही सगळी सेटिंगं बहुतेक प्लेअरमध्ये फक्त रिमोटवरूनच उघडतात. रिमोट नसलेला जुना प्लेअर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.