दुसऱ्याच्या हौसेची गाडी

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हटले जाते. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात मात्र हौसेला मोल असते आणि पुष्कळदा एकाच्या हौसेचे मोल दुसऱ्याला मोजावे लागते. वेगासाठी मुद्दाम सुधारलेली, म्हणजे ज्यांना आजची तरुण मंडळी ‘मॉडिफाइड’ म्हणतात अशी मोटार जुन्या बाजारात घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न गोव्यातील अनेक घरांत आज चर्चिला जातो. मुलगा म्हणतो, याच पैशात नवी साधी गाडी येईल, पण ही मिळणार नाही. वडील म्हणतात, इतकी चांगली आहे तर तो विकतो कशाला? दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

वेगाची आवड हा काही अपराध नव्हे. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 2017 साली 230 अश्वशक्तीचे इंजिन घेऊन सुमारे 25 लाखांना भारतात आली. 2020 साली तिची 245 अश्वशक्तीची आवृत्ती आली, तेव्हा देशभरासाठी अवघ्या 200 गाड्या होत्या. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ही 2013 सालची लहानशी गाडी तर मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यातील वेगाचे प्रतीकच ठरली. उत्तम यंत्राविषयी वाटणारे हे आकर्षण उत्तम वाद्याविषयी वाटणाऱ्या आकर्षणाहून फारसे निराळे नाही. त्याची थट्टा करून वडीलधाऱ्यांनी काही साधणार नाही.

परंतु कारखान्यातून आलेली गाडी आणि पहिल्या मालकाने गॅरेजात वाढवलेली गाडी या दोन भिन्न वस्तू आहेत. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवायचा, यालाच रिमॅप म्हणतात. एका दुपारच्या कामात गाडीचा जोर डोळ्यांत भरण्याइतका वाढतो, पण क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि थंडावा देणारी यंत्रणा जुनीच राहते. पोलो जीटी टीएसआयचे उदाहरण घ्या. तिच्या इंजिनाचा मूळ टॉर्क 175 न्यूटन-मीटर. तिची सात गिअरांची, कोरड्या दुहेरी क्लचची पेटी जास्तीत जास्त 250 न्यूटन-मीटरसाठी रचलेली. रिमॅपने हा टॉर्क त्या मर्यादेच्या पार जवळ नेता येतो. कारखान्याने राखून ठेवलेली सुरक्षिततेची शिल्लक पहिला मालक अशा रीतीने खर्चून मोकळा होतो आणि रिकामे खाते दुसऱ्याच्या नावावर चढते.

यातील सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की, हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली पुन्हा भरता येते, मूळ सायलेन्सर परत बसवता येतो, इंजिन धुऊन चकचकीत करता येते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे वचन या बाजाराच्या दारावर कोरून ठेवावे असे आहे. म्हणून विकणाऱ्याच्या वर्णनापेक्षा त्याच्या कागदांना अधिक मान द्यावा. कोणते काम केव्हा आणि कोणी केले, याच्या पावत्या आहेत काय? काढलेले मूळ भाग जपून ठेवले आहेत काय? वंगण वेळच्या वेळी बदलल्याची नोंद आहे काय? या प्रश्नांना जो मालक मोकळेपणाने उत्तरे देतो, त्याची गाडी निदान पाहण्याच्या लायकीची असते. जो हसून विषय बदलतो, त्याचा निरोप घ्यावा हे बरे.

पाहणीही ओळखीच्या, परंतु त्या व्यवहारात काडीचाही लाभ नसलेल्या मेकॅनिककडून करून घ्यावी. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी. धुरात निळी झाक असेल तर इंजिन वा टर्बो तेल पीत आहे असे समजावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. ते परस्परांशी जुळले पाहिजेत. वरच्या गिअरमध्ये जोर दिला असता इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, अशी स्थिती असेल तर क्लच संपला आहे. बिघाडांच्या नोंदी कालपरवाच पुसल्या गेल्या काय, हेही संगणकाला जोडलेला स्कॅनर बऱ्याच अंशी सांगतो. स्प्रिंगा कापून गाडी खाली आणली असेल तर पुढे पाहूच नये. ज्याने स्प्रिंग कापली, त्याने अन्यत्र काय काटकसर केली असेल ते देवच जाणे.

गोमंतकीयांनी दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. पहिली गंज. समुद्राची खारी हवा पत्र्याच्या खालच्या अंगाला खाते, म्हणून गाडी उचलून तिचा तळ बघितल्याखेरीज बोलणी करू नयेत. दुसरी, इंजिनाला हवा पुरविणारी नळी. अधिक थंड हवा मिळावी म्हणून ती पुष्कळदा बंपरच्या मागे अगदी खाली बसवलेली असते. आपल्याकडील आषाढात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की ही नळी पाणी ओढते, सिलिंडरात पाणी शिरते आणि इंजिनाचा दांडा वाकतो. कोरड्या प्रांतात चाललेली युक्ती येथे एका सरीत घात करते.

यंत्राइतकाच कायद्याचा विचार आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ‘मी केले नाही, आधीच्याने केले’ हा बचाव रस्त्यावर अडवणाऱ्या शिपायापुढे कितपत टिकेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. फेरफाराची माहिती विमा कंपनीस दिलेली नसेल, तर गाडीच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडण्याचीही पाळी येऊ शकते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर ना-हरकत दाखला, येथील कर आणि नवी नोंदणी हा सोपस्कार वेगळाच. ज्याला हे सारे निस्तरण्याची तयारी नाही, त्याने विकतचे श्राद्ध घेऊ नये.

तथापि पैसा आणि कायदा यांच्याही पलीकडे एक प्रश्न उरतो. ही गाडी धावणार कोठे? आपले रस्ते चिऱ्यांच्या गडग्यांमधून, शाळांच्या दारांवरून आणि वाड्यांच्या अंगणांना खेटून जातात. ताशी 60 किलोमीटरवरून वेग 90 वर गेला की, ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. हे गणित कोणत्याही रिमॅपने बदलत नाही. 6 ऑगस्ट 2023 रोजी बाणस्तारी पुलावर एका भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत तिघांचे प्राण गेले. तेथे प्रश्न इंजिनाच्या सुधारणेचा नव्हता, वेगाचा होता. आणि ज्या गाडीचा सारा गौरवच वेगात आहे, ती घेताना या प्रश्नाला बगल देता येणार नाही. सायलेन्सर काढून मध्यरात्री गाव जागवण्याला तर आम्ही हौस म्हणण्यासही तयार नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

मग निर्णय काय करावा? आमच्या मते, जी गाडी मूळ स्वरूपात आहे, किंवा मूळ भागांसह पुन्हा त्या स्वरूपात आणता येते, जिच्या पावत्या बोलतात आणि जिची निःपक्ष पाहणी झाली आहे, ती गाडी घेण्यास हरकत नसावी. मात्र किमतीखेरीज दुरुस्तीची वेगळी रक्कम हाताशी हवी. पहिल्या मालकाने सुधारणेवर किती लाख घातले, या आकड्याला भुलून एक पैसाही अधिक देऊ नये. तो त्याच्या आनंदाचा खर्च होता आणि त्याने तो आनंद उपभोगलेला आहे. कर्ज काढून अशी गाडी घेणे तर अंथरुणाबाहेर पाय पसरणे होय. ज्यांना वेगाचीच ओढ आहे त्यांनी कोइमतूर किंवा चेन्नई येथील शर्यतीच्या मार्गावर जाऊन ती जरूर पुरवावी. तेथे समोरून शाळेचे मूल येत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनी ‘नाही’ एवढेच म्हणून थांबू नये. मुलाबरोबर जावे, गाडीचा तळ पाहावा, पावत्या वाचाव्यात. आणि मुलानेही विकणाऱ्यास वडिलांचाच प्रश्न सरळ विचारावा की, इतकी चांगली आहे तर आपण विकता कशाला? त्याचे उत्तर पटल्यावाचून पैशाला हात घालू नये.